सत्यशीलाबाईंनी मागे घेतलेला नियम

सत्यशीला शिरसाठ चुकल्या, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तीही चूक त्यांची त्यांनीच शोधून काढली, आम्हाला ती संधी दिली नाही.

मी पस्तीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली केली. त्यातली सव्वीस वर्षं या बाई समोर बसलेल्या असत, आधी टाइपरायटरवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश मजकूर सांगायचे आणि बाई साक्ष टाइप करायच्या. मान वर नाही, चेहऱ्यावर काही नाही. फक्त साक्षीदार रचून सांगायला लागला की त्यांची बोटं क्षणभर थांबायची. हे आम्हा वकिलांना पहिल्या वर्षातच कळलं आणि न्यायाधीशांना दुसऱ्यात. माझे दोन पढवलेले साक्षीदार त्या थांबलेल्या बोटांनी बुडवले, आणि त्याबद्दल मी बाईंना आजही पूर्ण माफ केलेलं नाही.

निवृत्तीनंतरही आमचं जाणंयेणं राहिलं. त्या येरवड्याला राहतात, मी शनिवार पेठेत. दर बुधवारी मंडईतून भाजी घेतली की त्या आमच्याकडे चहाला येतात. चहा पातळ झाला असेल तर तसं सांगतात आणि तरी दुसरा कप घेतात. त्या ख्रिस्ती, जन्मापासून. मी हिंदू, त्यातून पेठेतला, त्यामुळे मला सगळ्याच धर्मांबद्दल मतं आहेत आणि ती न विचारता देण्याची सवयही आहे. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना काहीही पटवू शकलेलो नाही. मैत्री टिकली ती बहुधा त्यामुळेच.

बाईंचं खरं राज्य रविवारी. सकाळची उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत त्यांचा बायबलचा वर्ग भरतो. वीस वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही. वर्गात मुलं असतात, आजोबा असतात, धुणीभांडी करणाऱ्या बायका असतात आणि आयटीत काम करणारेही असतात. शिकवण्याची तऱ्हा मात्र कोर्टातली. बायबलमध्ये काही मजकूर घडलेल्या हकिकतींचा आहे आणि काही दाखल्यांचा. येशू लोकांना समजावताना ज्या गोष्टी रचून सांगायचा, त्यांना मराठी ख्रिस्ती माणसं दाखला म्हणतात. दाखला कुठला आणि हकिकत कुठली, हे ओळखता आलं नाही तर माणूस भलतंच काहीतरी वाचतो, असं बाईंचं ठाम म्हणणं. ओळखायचं कसं, याचा त्यांनी एक नियम केला होता. तो वर्गातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

नाव आलं की घटना. नाव नसलं की दाखला.

नियम कोर्टातून आलेला, हे मला लगेच कळलं. खरा साक्षीदार नाव सांगतो, गाव सांगतो, दिवस सांगतो. बाई उदाहरण द्यायच्या: तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, सुभेदार पंतय पिलात, असं येशूचं चरित्र लिहिणारा लूक लिहितो. हा तर पंचनामाच झाला. उलट, कुणा एका माणसाला दोन मुलगे होते, कुणी एक पेरणारा पेरायला निघाला, यात ना नाव ना गाव. हे दाखले. मी एकदा म्हटलं, "बाई, कीर्तनात बुवांनी एका नगरीत एक राजा होता म्हटलं, की आम्ही काही ती नगरी नकाशात शोधत नाही. आम्हाला हे नियमाशिवाय कळतं." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कीर्तनात झोप लागते, वकीलसाहेब. शोधणार कधी?"

या वर्गात येरवड्याच्या गोदाबाई पहिल्यापासून येत. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण सलग वाचायला शिकल्या त्या बाईंच्या वर्गात, बायबलवर बोट ठेवून. त्यांचे यजमान जयसिंग मांजरीच्या एका बागायतदाराकडे ट्रॅक्टर चालवायचे, म्हणून पुढे घर मांजरीला गेलं. तरी गोदाबाई दर रविवारी दोन बस बदलून वर्गाला यायच्या. जयसिंग मात्र चर्चची पायरी कधी चढले नाहीत. देव शेतात पण असतो, तिथं मी आठवडाभर त्याच्याबरोबर असतो, रविवारी त्याला तरी सुट्टी द्या, असं म्हणायचे. बाईंना हा माणूस मनापासून आवडायचा, पण हे त्यांनी कबूल केलं ते तो गेल्यावर.

जयसिंगांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. या आजारात पाणी मोजून प्यायचं असतं. डॉक्टरांनी दिवसाचं माप ठरवून दिलं आणि ते पाळायचं काम गोदाबाईंवर आलं. सात महिने त्यांनी नवऱ्याला मोजून पाणी दिलं. पाणी मोजणं दिसायला सोपं आहे, पण तहानलेलं माणूस समोर असताना ते करून बघावं. गेल्या मार्चमध्ये जयसिंग गेले.

स्मरणाची प्रार्थना मांजरीला घरीच झाली. चर्चचे पाळक परगावी होते, म्हणून संदेश द्यायला शुभंकर गेला. हा बाईंचा वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी. आता वय अठ्ठावीस, धर्मशिक्षण पूर्ण केलेला, आवाज चांगला, मनात खोट नाही. त्यानं वाचायला घेतली लूकच्याच पुस्तकातली, येशूनं सांगितलेली श्रीमंत माणसाची आणि लाजराची गोष्ट. श्रीमंत माणूस रोज चैन करतो, त्याच्या दाराशी लाजर नावाचा दरिद्री फोड आलेल्या अंगानं पडून असतो. दोघंही मरतात. लाजर सुखात जातो आणि श्रीमंत ज्वाळेत. तो वर बघून विनवतो की लाजराला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ तेवढी गार करू द्या. उत्तर येतं, मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे कुणाला येता येत नाही.

शुभंकर पुढे म्हणाला, "हा दाखला नाही, ही घडलेली गोष्ट आहे. कारण इथं नाव दिलेलं आहे. मेल्यावर काय होतं, याची ही प्रत्यक्ष बातमी आहे. म्हणून जिवंत आहोत तोवर जागे व्हा." त्याला तरुण मंडळींना जागं करायचं होतं. समोर कोण बसलंय, आणि तिचा नवरा चर्चची पायरी न चढता गेलाय, हे त्यानं पाहिलं नाही.

गोदाबाई दुसऱ्या रविवारी वर्गाला आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. बाईंना वाटलं, दुखवटा आहे, येतील. एप्रिलच्या शेवटी त्यांची मुलगी सुरुची हिचा फोन आला. आई पाणीच पीत नाही. गोळीपुरतं घोटभर घेते, बाकी दिवसभर नाही. एवढ्या उन्हात दोनदा चक्कर येऊन पडली, लघवीला संसर्ग झाला, दवाखान्यात सलाईन लावून आणलं. डॉक्टर ओरडले, तरी ऐकत नाही. एकच म्हणते, ते तिकडं थेंबाला महाग झालेत, मी हिकडं तांब्याभर पिऊ का? आणि म्हणते, जिवंत होते तेव्हा मीच दिलं नाही, आता तर कुणीच देऊ शकत नाही.

त्या बुधवारी बाई आमच्याकडे आल्या त्या भाजी न घेता. चहाला हात लावला नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "शुभंकरला मी फोन करून झापलं. तो म्हणाला, बाई, तुमचाच नियम आहे. नाव आलं की घटना." मग खालच्या आवाजात, "आणि तो खरं बोलतोय. दहा-बारा वर्षांपूर्वी वर्गात कुणीतरी विचारलं होतं, लाजराचं काय? मी म्हटलं होतं, नाव दिलंय ना, मग संपलं. गोदाबाई पहिल्या बाकावर होत्या."

बाईंना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी वाद घालतो. म्हटलं, "नाव तर नाटकातल्या पात्रालाही असतं. नावावर कसला पुरावा मानता? समजा साक्षीदार पिंजऱ्यात येऊन म्हणाला, मला अमक्यानं असं असं सांगितलं. त्यावरून काय सिद्ध होतं?"

"अमक्यानं सांगितलं, एवढंच." बाई सवयीनं म्हणाल्या. "त्यानं जे सांगितलं ते घडलं, हे सिद्ध होत नाही."

टेबलावरची त्यांची बोटं थांबलेली मला दिसली. मग त्यांनी पिशवीतून बायबल काढलं आणि माझ्यासमोर अर्धा तास वाचत बसल्या. मी काही बोलायला लागलो की हात वर करायच्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "मी गाढव आहे." हे वाक्य त्या माझ्याबद्दल अनेकदा बोलल्या आहेत, स्वतःबद्दल प्रथमच.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या वर्गाला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. मला बोलावलं नव्हतं, पण असा सामना चुकवायचा नसतो. वर्ग भरला होता, शुभंकर दाराशी उभा होता. बाई उभ्या राहिल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "नाव आलं की घटना, हा माझा नियम चुकीचा आहे. वीस वर्षं चुकीचा होता. मी तो मागे घेते. वहीत लिहिला असेल त्यांनी खोडा."

पाठीमागून एक आजोबा म्हणाले, "पेननं लिहिलाय."

"मग पेननं खोडा."

मग त्यांनी सांगितलं, ते मी वकिलासारखी कुणाची बाजू न घेता लिहितो. लूक सुरुवातीलाच म्हणतो की मी सगळी चौकशी करून लिहितोय. म्हणजे लूक साक्षीदार. पण इथं तो साक्ष कशाची देतो? येशूनं ही गोष्ट सांगितली, याची. येशूनं ती सांगितली ही घटना. गोष्टीतला श्रीमंत माणूस ही घटना नव्हे. "मी या दोन गोष्टींची गल्लत केली. जन्मभर कोर्टात बसून केली, याची मला जास्त लाज वाटते." मग त्यांनी त्याच अध्यायाच्या आरंभाला पान उलटायला लावलं. तिथं लबाड कारभाऱ्याचा दाखला आहे, आणि त्याची सुरुवातही तशीच, कुणी एक श्रीमंत मनुष्य होता. एकाच तोंडानं, एकाच बैठकीत, एकाच सुरुवातीनं सांगितलेल्या गोष्टी. त्यातली एक दाखला आणि दुसरी बातमी कशी? आणि लाजर या नावाचा अर्थच मुळी देव ज्याला साहाय्य करतो तो. ज्याला माणसांनी विचारलं नाही त्याला हे नाव मुद्दाम दिलंय.

"ऐकणारे कोण होते, तेही बघा. पैशाचा लोभ असलेले लोक. आणि गोष्ट कुठं संपते? त्या श्रीमंताचे पाच भाऊ अजून जिवंत आहेत, तिथं. ही गोष्ट त्या पाच जणांसाठी आहे. जे जिवंत आहेत आणि दारातल्या माणसाकडे बघत नाहीत, त्यांच्यासाठी. मेलेल्यांची खबर देण्यासाठी नाही."

शुभंकर पुढे आला. चेहरा लाल झाला होता. "बाई, मग थांबायचं कुठं? आज लाजर दाखला म्हणालात. उद्या कुणी येशूचं पुनरुत्थानही दाखला म्हणेल. ह्याला बेस काय?"

"बेस तोच, कोण काय म्हणून सांगतंय," बाई म्हणाल्या. आवाजात जुनी धार परत आली होती. "कबर रिकामी होती हे येशूनं गोष्ट म्हणून सांगितलेलं नाही. ते लूक स्वतः सांगतो. आठवड्याचा पहिला दिवस, पहाट, आणि कबरीपाशी गेलेल्या बायकांची नावं. तिथं तो घडलं म्हणून सांगतोय. मानायचं तर घडलं म्हणून माना, नाकारायचं तर घडलं नाही म्हणून नाकारा. हे समोर बसलेले वकीलसाहेब नाकारतात. पण तेसुद्धा त्याला दाखला म्हणणार नाहीत. काय हो?"

मी होकाराची मान हलवली. ख्रिस्ती वर्गात मला साक्षीदार म्हणून उभं केलं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

"शिकलेली माणसं लाजरावर अजून वाद घालतात," बाई पुढे म्हणाल्या. "घालू देत. मी माझ्यापुरतं सांगते, आणि खात्रीनं सांगते. शुभंकर, तुझी चूक नाही. मी दिलेलं हत्यार तू वापरलंस. पण ज्याच्या घरी मयत झालंय त्याच्या घरी वापरण्याआधी समोर बघायचं, एवढं तरी मी तुला शिकवायला हवं होतं."

बाहेर आल्यावर शुभंकरनं मला विचारलं, मी गोदाबाईंकडे मांजरीला जाऊ का? बाईंनी मागूनच सांगितलं, "आज नको. आधी मला जाऊ दे."

मग आम्ही रिक्षानं मांजरीला गेलो. मी का गेलो, ते विचारू नका. बाईंनी रिक्षात बसताना सरकून जागा केली, एवढंच.

घर दोन खोल्यांचं. मागे ऊस, पुढे नव्या इमारतींचे सांगाडे. गोदाबाई खाटेवर बसल्या होत्या. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. बाईंनी ख्रिस्ती रीतीनं "सलाम, गोदाबाई" म्हटलं आणि खाली जमिनीवरच बसल्या. जे वर्गात सांगितलं ते इथंही सांगितलं, पण सावकाश, बायबलवर बोट ठेवून. नियम माझा होता, तो चुकीचा होता, हे तीनदा सांगितलं. जयसिंग कुठं आहेत हे देवाला माहीत; या गोष्टीत त्यांची खबर नाही, हेही सांगितलं.

गोदाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, मंग त्यो धाकल्या पोराचा बाप बी खोटाच का? घर सोडून गेलेलं पोरगं परत आलं म्हनून पळत सुटला त्यो? त्येच्यावर तर मी जगत आले."

"खोटा नाही. घडलेला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," बाई म्हणाल्या. "देव कसा आहे हे सांगायला येशूनं तो बाप सांगितला. त्यावर जन्मभर भरवसा ठेवा. पण त्याचं घर कुठल्या गावात होतं, हे विचारू नका. तसंच लाजराच्या गोष्टीतल्या ज्वाळेत आपलं माणूस शोधू नका."

गोदाबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लाजराचं समजलं मला. पर आमच्या मालकांनी पानी मागितलं, अन् म्या दिलं न्हाई. त्यो तर दाखला न्हाई ना, बाई? त्ये तर घडलेलंच हाय."

सुरुची दाराशी उभी राहून रडायला लागली. हीच खरी जखम होती, आणि बायबलमधल्या कुठल्याही दाखल्यानं ती भरणार नव्हती.

बाई मात्र डगमगल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "हे घडलेलं आहे. मग घडलेलं सांगतात तसं सांगा. सुरुची, वही आण."

त्यांनी कोरं पान काढलं, वर तारीख घातली, गोदाबाईंचं पूर्ण नाव, वय, राहणार मांजरी, असं लिहिलं. मग सव्वीस वर्षं न्यायाधीशांचा जो आवाज ऐकला होता त्या आवाजात प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठल्या दिवसाबद्दल सांगता?

"गेले त्याच्या आदल्या दिशी. बुधवार हुता."

"माप कुणी ठरवलं होतं?"

"डॉक्टरांनी. दिसाला येवढं." त्यांनी हातानं तांब्याची उंची दाखवली. "म्या त्येच्या वाट्या पाडल्या हुत्या."

"त्या दिवशी किती वेळा दिलं?"

गोदाबाई आठवू लागल्या. सकाळी गोळ्यांबरोबर एक वाटी. न्याहारीनंतर अर्धी. अकराला जीभ सुकली म्हणाले तेव्हा बर्फाचा खडा, आणि तो मापात धरलेला. दुपारी जेवताना एक. दोन वाजता पुन्हा गोळीला. बाई एकेक लिहीत होत्या, मध्ये एक शब्द घालत नव्हत्या. चार वाजता जयसिंगांनी परत मागितलं. किती वेळा मागितलं? तीनदा. तुम्ही काय म्हणालात? आजचं झालं, उद्या सकाळी देते. ते काय म्हणाले?

गोदाबाईंनी खाटेच्या रिकाम्या बाजूकडे बघितलं. "म्हनाले, तू हायस म्हनून शिस्त हाय, नायतर मी कवाच बुडालो असतो. अन् तोंड फिरवून झोपले."

"हे आजवर कुणाला सांगितलं होतं?"

"न्हाई. मला इसरच पडला हुता."

बाईंनी शेवटची ओळ लिहिली. मग कायद्यानं करायचं ते केलं, सगळा जबाब पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवला. वार, वेळ, एकेक वाटी, बर्फाचा खडा. शेवटाकडे आल्या. "चार वाजता नवऱ्याने तीन वेळा पाणी मागितले. मी दिले नाही."

"थांबा, बाई." गोदाबाई खाटेवरून पुढे वाकल्या आणि पानावर बोट ठेवलं. "'दिले नाही' खोडा. सकाळपासनं पाच येळा दिलं हुतं. माप सरलं हुतं, आसं ल्ह्या."

बाईंनी ते शब्द खोडले, वर नवे लिहिले, आणि कोर्टातल्या रीतीप्रमाणे खोडलेल्या जागेशेजारी गोदाबाईंची सही घेतली.